वाटेतल्या माणसाला सांगू नये

मेलबर्न किती लांब आहे, हे गावात मला इतक्यांदा विचारून झालंय की आता कुणी नुसतं तोंड उघडलं तरी वाटतं, हेच विचारणार. भूगोलाच्या बाई ना मी! जन्म गेला झेडपीच्या शाळांत नकाशे टांगण्यात, मग लोकांना वाटतं बाईंना सगळी दुनिया तोंडपाठ. सुरुवातीला मी सांगायचे, मुंबईपासून विमानाच्या वाटेनं दहा हजार किलोमीटरच्या आतबाहेर. समोरच्याचा चेहरा कोराच. दहा हजार म्हणजे केवढं हे कुणाच्याच ध्यानात येत नाही, माझ्याही येत नव्हतं, खोटं कशाला बोलू. मग मी तास सांगायला लागले. सरळ विमान मिळालं तर बारा-तेरा तास, सिंगापूरला बदलायचं असलं तर त्याच्या दीडपट, आणि मुंबईत उतरल्यावर आपल्या गावापर्यंत आणखी सहा-सात. ऊसतोडीला जाणारा एकजण हे ऐकून हसला होता. "हात्तिच्या! एवढंच व्हय? आमी कर्नाटकात तोडीला जातो तर ट्रॅक्टरमधी दोन राती जात्यात."

आईला तर किलोमीटरशी काही देणंघेणंच नव्हतं. माझा धाकटा भाऊ पहिल्यांदा तिकडं निघाला तेव्हा तिनं फक्त किती वेळ लागतो तेवढं विचारलं, मनाशी काहीतरी जुळवलं आणि पीठ दुधात मळायला घेतलं. भाकरी दुसऱ्या दिवशी वाळून जाते, दुधातली दशमी टिकते. मी त्याला बजावलं, "विमानातच संपव बाबा, तिथं उतरताना पिशवीत खायचं काही सापडलं तर ते लोक फार कटकट करतात." त्यानं सिंगापूरच्या विमानतळावर बसून त्या सगळ्या संपवल्या. पोचल्याचा फोन आला तर आईचा पहिला प्रश्न, "नरम हुत्या का?"

हा भाऊ माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेतच होता. पुढं त्याला वाढवलं, शिकवलं ते आमच्या चुलत्यांनी, तात्यांनी. हॉस्टेलवर डबा पोचवायला ते शेवगावहून नगरला एसटीनं जायचे. त्यांना स्वतःला मूलबाळ नाही. गावात कुणी "तुमचा पुतण्या" म्हणालं तर त्यांना राग यायचा. माझे यजमान वारल्यावर आणि नोकरी संपल्यावर मी आईकडंच राहायला आले, आणि तात्या शेजारच्याच घरात. अशी आम्ही तिघं म्हातारी माणसं इथं, आणि हा एक तिकडं.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. घरात कुणी गेलं आणि जवळचं माणूस परगावी असलं, तर त्याला गेल्याचं सांगत नाहीत. "सिरीयस आहे, निघ" एवढंच सांगतात. वाटेतल्या माणसाला सांगू नये. ते घरी पोचू दे, धरायला चार हात असू देत, मग कळू दे. वडील गेले तेव्हा मी जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या डोंगरात नोकरीला होते. हेडमास्तरांनी वर्गातून बोलावून सांगितलं, "बाई, वडील जरा सिरीयस आहेत, तुम्ही निघा." संगमनेर, नेवासा, शेवगाव, गाड्या बदलत बदलत एकाच जिल्ह्यात दिवस मावळला. सबंध वाटभर मी ठरवत होते, बरं वाटलं की वडिलांना महिनाभर माझ्याकडं डोंगरात घेऊन जायचं. आमच्या फाट्यावर उतरले तर तात्या टोपी हातात धरून उभे. मग कुणी काही सांगायची गरज राहिली नाही.

मला तेव्हा कुणाचा राग आला नव्हता. उलट किती वर्षं मी म्हणायचे, माझ्यापुरते वडील एक दिवस जास्त जगले. ती लबाडी एसटीच्या प्रवासापुरती होती. दिवसभर पुरायची आणि फाट्यावर संपायची.

दोन वर्षांमागचा वैशाख. सकाळचा चहा झाला, आई ओट्यावर शेंगा फोडत बसली. मी धुणं वाळत घालत होते. "आई, ऊन आलं, आत बस," म्हणलं तर उत्तर नाही. भिंतीला टेकून बसली होती, मांडीत शेंगा तशाच. मी हात लावला आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून तात्या पळत आले. डॉक्टर आले, नाडी बघितली, मान हलवली. दुखणं नाही, खुपणं नाही. बाया म्हणाल्या, पुण्यवान म्हातारी. मला त्या वेळी त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

भावाला फोन करायला मी मोबाईल उचलला तर तात्यांनी हातातून घेतला. "मी बोलतो. तुझ्या आवाजावरनं वळखल त्यो."

तिकडं दुपार कलली होती, तो कामावर होता. तात्यांचा आवाज एवढा शांत मी आयुष्यात ऐकला नव्हता. "बाळा, आईची तब्येत जरा बिघडलीय. सिरीयस हाय. लगोलग निघ."

"काय झालं? ताईला द्या."

"ताई आईपाशी हाय." हे तेवढं खरं होतं.

फोन ठेवल्यावर मी त्यांच्यावर धावूनच गेले. "तात्या, तो काय नेवाशाहून यायचाय? उद्याची संध्याकाळ होईल त्याला! सांगून टाका सरळ."

"म्हणूनच न्हाई सांगायचं," ते म्हणाले. "एवढ्या लांबची वाट. आभाळात एकटा बसणार, बाजूला वळखीचं कुत्रं न्हाई. तिथं त्याला काय झालं तर धरायचं कुणी?" आणि मग त्यांनी ती गोष्ट काढली, जी आमच्या घरात कुणी काढत नाही. त्यांचा मेव्हणा घोडेगावच्या बाजारात बैल घेऊन गेला होता. कुणीतरी मूर्खानं भर बाजारात सांगितलं, तुझा बाप गेला. तो तसाच मोटारसायकलवर बसला आणि वाटेत उभ्या ट्रकवर जाऊन आदळला. एका दारातून दोन तिरड्या निघाल्या. "ते मी ह्या डोळ्यांनी बघितलंय," तात्या म्हणाले. मग मी मोबाईल त्यांच्याकडंच राहू दिला.

दुपारी पुन्हा फोन. तिकीट मिळालं होतं, तो विमानतळावर येऊन बसला होता, आणि त्याला व्हिडिओवर आईला बघायचं होतं. तात्या म्हणाले, रेंज न्हाई. मग त्याला डॉक्टरांशी बोलायचं होतं. तात्या गडबडले. नेमका तेव्हा फाट्यावरचा मेडिकलवाला भेटायला आलेला, ओसरीवर बसलेला. तात्यांनी खूण केली आणि मोबाईल त्याच्या हातात दिला.

काय सांगू! तो गडी आधी घाबरला, पण दोन वाक्यांत त्याला रंग चढला. "हां, पेशंट स्टेबल आहे. श्वासाचा त्रास आहे, फुप्फुसात थोडं पाणी झालंय." भावानं विचारलं, पुण्याला हलवू या का? "छे छे, हलवायची कंडिशन नाही." मग भावानं विचारलं, औषधं सगळी मिळतायत ना तिथं? इथं त्या शहाण्यानं नुसतं हो म्हणायचं की नाही? पण नाही. डॉक्टर वाटलं पाहिजे ना! तो म्हणाला, "एक इंजेक्शन आहे, ते नगरमध्ये पण मिळंना झालंय, पुण्यातच मिळतं. पण बघू, भागवतोय आम्ही." आणि त्या इंजेक्शनचं भलंमोठं नावही सांगितलं. तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, बरं सावरून घेतलंस म्हणून. मी आत आईजवळ होते. मी ते सगळं ऐकलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझं डोकं ठिकाणावर नव्हतंच.

संध्याकाळी शेवगावहून काचेची शवपेटी आणली, थंड राहणारी. लाईट जायला लागली तेव्हा एकानं आपला जनरेटर आणून लावला. वैशाखातलं ऊन आमच्याकडं काय असतं ते इथल्याच माणसाला माहीत. आई त्या काचेत पडलेली, वरून थेंब जमायचे आणि मी पदरानं पुसायचे. रात्री सिंगापूरहून फोन आला तो तात्यांनीच घेतला. "तशीच हाय. झोपलीय आता." तिकडून तो म्हणाला, झोपू द्या, उठवू नका. हे मी कानानं ऐकलं आणि तोंडात पदर कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात माणूस मावेना. पै-पाहुणे आलेले, सगळ्यांचा एकच प्रश्न, पोरगा कुठवर आला? मोबाईलवर विमान दिसतं. नकाशावर एवढंसं पिवळं विमान मुंगीसारखं सरकत असतं आणि खाली किती अंतर राहिलं, किती वेळ राहिला ते येत राहतं. मी आईच्या उशाशी बसून ते बघत होते, आणि माझ्याभोवती बाया. "बाई, आता कुठं?" "बंगालच्या उपसागरावर." "म्हंजी पाण्यावर?" "हो." "आगं माय!" एक म्हातारी तर दर थोड्या वेळानं आईच्या कानाशी वाकून सांगत होती, "आला गं, आला तुझा." आयुष्यभर शिकवला एवढा भूगोल, पण समुद्र एवढा मोठा असतो हे मला त्या सकाळी समजलं.

मग ते विमान जमिनीवर आलं, मुंबईला टेकलं, आणि अंगणातली माणसं एकदम म्हणाली, "उतरला!" कुणाच्या तरी डोक्यावरचा भार उतरावा तशी सगळी सैल झाली. चहाचं आधण ठेवलं. आता काय, आलाच की! मुंबई म्हणजे आमच्या लोकांना हाकेच्या अंतरावर. थोड्या वेळात त्याचा फोनही आला, टॅक्सीवाल्याच्या मोबाईलवरून, कारण त्याचं तिकडचं सिम इथं चालत नव्हतं. "निघालोय. पाचपर्यंत पोचतो. आई कशी आहे?" तात्या म्हणाले, "ये तू. वाट बघतीय." हेही त्यांना सुचलं.

पाच वाजता माती करायची असं ठरलं. तसे निरोप गेले. लाकडं नदीकडं गेली. चार वाजता तात्यांनी टॅक्सीवाल्याला फोन लावला, नगर ओलांडलं का बघायला. टॅक्सीवाला म्हणाला, "नाही हो, पुण्यातच आहोत. साहेब दुकानं फिरतायत. कुठलंतरी इंजेक्शन पाहिजे त्यांना."

तात्यांचा चेहरा बघूनच मी मोबाईल ओढून घेतला. "त्याला दे. आधी त्याला फोन दे!"

तो धापा टाकत आला. "ताई, मिळालं गं! दोन-चार ठिकाणी नाही म्हणाले, इथं एकच शिल्लक होतं. बर्फात ठेवून देतायत. लगेच निघतो."

"ते राहू दे. तू आधी घरी ये."

"अगं, येतोच आहे. पण रिकाम्या हातानं येऊन मी काय करू तिथं? नुसता उशाशी बसू? ह्यानं तिला आराम तरी पडेल." त्याच्या आवाजात एवढी उभारी होती! दीड दिवस जागा असलेला माणूस, आणि आईसाठी काहीतरी सापडलं म्हणून आनंदलेला. माझ्या ओठावर आलं होतं. अरे बाबा, आई नाही रे, कालच गेली, तू तिथं ऑफिसात होतास तेव्हाच गेली. मी "अरे" म्हणलं आणि तात्यांनी माझं मनगट धरलं. मोबाईल त्यांनी तळव्यानं झाकला. "गाडीत हाय त्यो. चार तासाची वाट हाय अजून. पोरी, पाया पडतो तुझ्या." आणि खरंच वाकले हो, सत्तरी ओलांडलेला माणूस. तेवढ्यात तिकडून "ठेवतो" म्हणून फोन बंद झाला.

दहा हजार किलोमीटर तो कसा वेळेवर आला, बघा. समुद्र ओलांडला, विमान बदललं, रांगा लावल्या, शिक्के मारून घेतले. आणि आम्ही त्याला शेवटच्या वाटेवर पुण्यात अडकवला, आमच्याच तोंडच्या औषधासाठी. त्या मेडिकलवाल्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि तो मागच्या मागं निघून गेला. मी त्याला काही बोलले नाही. बोलले असते तर गाव माझे शब्द कधी विसरलं नसतं.

थांबायचं म्हणलं तर किती थांबणार? पेटीत असली तरी दुसरा दिवस कलला होता. जनरेटर दोनदा बंद पडला. आईचा चेहरा बदलायला लागला होता, हे मी सांगू नये, पण सांगते. जाणती माणसं म्हणाली, दिवस असताना उरकलं पाहिजे, रात्र आमच्यात चालत नाही. मी म्हणलं, एक रात्र काढा. कुणी ऐकलं नाही, आणि खरं तर त्यांचंही बरोबर होतं. सूर्य टेकेपर्यंत थांबले बिचारे. खांदा द्यायच्या आधी तात्या दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. अग्नी त्यांनीच दिला. देताना त्यांनी आईचं नाव घेतलं नाही, "बाळा, माफ कर" म्हणाले.

दिवेलागण होऊन बराच वेळ झाल्यावर गाडी आली. आम्ही बाया घरी परतलो होतो, पुरुषमाणसं ओसरीवर, अंगणात पाणी मारलेलं, घमेल्यात कडुलिंबाचा पाला. तो उतरला. सगळं बघितलं. हातात पांढरा थर्माकोलचा डबा, छातीशी धरलेला. तो सरळ माझ्याकडं आला आणि म्हणाला, "ताई, हे आधी फ्रीजमध्ये ठेव."

मी डबा घेतला. काय करणार? घेतला आणि आत जाऊन खरंच फ्रीज उघडला, आणि फ्रीजच्या दारात उभी राहून हंबरडा फोडला.

मग त्याला कळलं. की आधीच कळलं होतं, मला माहीत नाही. तो ओट्याच्या पायरीवर बसला, आणि त्यानं विचारलं, "कधी?"

"काल सकाळी. तुला फोन केला त्याच्या आधी."

तो हिशेब करायला लागला. मला दिसत होतं ना, शिकलेलं पोर, डोळ्यांसमोर तास मांडत होतं. तिकीट काढलं तेव्हा नव्हती. विमानात बसलो तेव्हा नव्हती. सिंगापूरला झोपू द्या म्हणालो तेव्हा नव्हती. "आणि आज चार वाजता?" तो म्हणाला. "चार वाजता ती इथंच होती? मी पुण्यात होतो तेव्हा?"

"हो."

"मी पुण्यात थांबलो नसतो तर तोंड दिसलं असतं?"

हो म्हणून मान हलवली.

तात्या त्याच्या पुढं जमिनीवर बसले. "बाळा, तुझ्या काळजीपायी..." तो त्यांना एक शब्द वाकडा बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "तात्या, उठा, गुडघे दुखतील." एवढंच. आणि मग मला म्हणाला, "नदीवर चल. विझायच्या आत बघू दे." आम्ही दोघं बॅटरी घेऊन गेलो. निखारे होते. तो त्यांच्याकडं बघत उभा राहिला आणि मग लहानपणी रडायचा तसा, तोंड वासून रडला. मी त्याला धरलं. धरायला चार हात पाहिजेत म्हणतात, माझे दोन होते.

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडली, पुढं दहावा केला, आणि तेराव्यानंतर तो परत गेला. जाताना मी काही शिजवून बांधून दिलं नाही, त्यानं मागितलं नाही.

तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन येतो, एक रविवार चुकवला नाही त्यानं. "कशी आहेस?" "बरी आहे." "खरं सांग." हे "खरं सांग" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काळजात चर्र झालं, आता सवय झालीय. मग व्हिडिओ लावायचा. तोंड दिसलं तरी भागत नाही. "ताई, जरा चालून दाखव." मी चिडलेच, "घोडेगावच्या बाजारातली म्हैस आहे का रे मी, चालवून बघायला?" तो हसला, पण मागं हटला नाही. "चालून दाखव ना." मग मोबाईल खिडकीत टेकवायचा आणि मी आपली ओट्यावरून फाटकापर्यंत जाऊन यायचं. शेजारणी बघतात, हसतात. हसेनात! तिकडं त्याचा श्वास खाली बसतो ना, मग झालं.

तात्यांचं नाव तो काढत नाही असं नाही, पण विचारतो ते माझ्याकडं. "तात्या बरे आहेत?" "बरे आहेत." "बरं." फोनच्या वेळेला तात्या मुद्दाम ओसरीवर येऊन बसतात, मोबाईलच्या चौकटीत येणार नाहीत असे, आणि ऐकतात. फोन ठेवला की विचारतात, "माझं काय म्हणाला?" मी सांगते, विचारलं तुमचं. मग उठून जातात.

मला काही झालेलं नाही. गुडघे कुरकुरतात, एवढंच. पण घर खायला उठतं. एकटीसाठी कुकर लावायचा कंटाळा येतो, मग दूध-भाकरी. गेल्या महिन्यापासून मनात घोळत होतं, त्याला म्हणावं, ये की रे एकदा. कारण काही नाही, सण नाही, लग्न नाही. ये, चार दिवस राहा, बाजरीची भाकरी, शेंगाची चटणी खा, आणि जा. मेलबर्न ते मुंबई आता सरळ विमान असतं म्हणतात, मी मोबाईलवर बघूनही ठेवलं होतं. गेल्या रविवारी चालून दाखवलं, पाणी प्याले, आणि म्हणलं, "बाळा, एकदा येऊन जा रे."

तिकडं एकदम शांत झालं. मला वाटलं रेंज गेली. पण त्याचा चेहरा दिसत होता, पांढराफटक पडलेला.

"काय झालंय?"

"काही नाही रे."

"मग ये कशाला म्हणालीस? कुणी बोलायला सांगितलंय तुला? तात्या कुठंयत?"

"असतील की इथंच."

"ताई, तात्या कुठंयत? खरं सांग. दाखव मला. आत्ता दाखव!"

तो ओरडत होता. मी घाबरून तात्यांना हाक मारली. ते भिंतीआड बसलेलेच होते. धडपडत आले आणि मोबाईलसमोर उभे राहिले, सदरा नीट करत. दोन वर्षांनी दोघं एकमेकांसमोर. तात्यांनी हात जोडले, का ते त्यांनाच ठाऊक. म्हणाले, "हाय मी, बाळा. जित्ता हाय. ह्ये बघ." आणि तेही फाटकापर्यंत चालून आले, न सांगता.

तो बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. बरं, तात्या." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. फोन बंद झाला.

तात्या मला विचारत होते, "आता का रडला त्यो? मी तर जित्ता हाय." ये म्हणलं की त्याला वाटतं, इथं कुणीतरी मेलं. येऊ नको म्हणलं तर वाटणार, मेलं आणि लपवतायत. ह्या रविवारी पुन्हा फोन येईल, मी पुन्हा चालून दाखवीन, पण ये म्हणायची माझी छाती होणार नाही. आणि मला तर त्याला नुसतं समोर बसवून गरम भाकरी वाढायचीय हो, दुसरं काही नाही.